सहा फुटी गडगा

आजोबा दगडी कुंपणाचा गडगा घालायला बसले की आम्हां मुलांना चिपा गोळा करायला धाडत. मोठा दगड बसला की त्याच्याखाली कुठे तरी पोकळी राहतेच, तिथे चीप ठोकायची. दगड डुगडुगत असेल तर त्यावर पुढचा ठेवायचा नाही. ना चुना, ना माती. गुहागरकडच्या आमच्या वाडीत हे गडगे कमरेएवढे असत, गुरं आत शिरू नयेत एवढ्यापुरते. माणसांसाठी बेडं, म्हणजे छोटं फाटक, असायचं आणि ते कधीच कुणी नीट लावलेलं नसायचं.

नोकरीसाठी आयर्लंडच्या पश्चिमेला, गॉल्वे काउंटीत आले, तेव्हा बसच्या खिडकीतून पहिली ओळखीची गोष्ट दिसली ती हीच. मैलोन् मैल गडगे. दगड चुनखडीचा, करडा, आमच्यासारखा तांबडा-काळा नाही. पण बसवण्याची रीत तीच. फटीफटींतून पलीकडचं आभाळ दिसत होतं. नवऱ्याला झोपेतून उठवून दाखवलं. तो पुण्याचा, त्याला त्यात बघण्यासारखं काय आहे ते कळलं नाही.

पुढे इथल्या रस्त्यांची सवय झाल्यावर एक गोष्ट दिसायला लागली. कमरेएवढा गडगा चाललेला असतो, आणि एखाद्या वळणानंतर तो एकदम डोक्याच्या वर जातो. आतली झाडंही बदलतात. बाहेर खुरटा काटेरी हॉथॉर्न, आत उंचच उंच बीच आणि लिंडन. बीच हे आयर्लंडचं मूळचं झाड नव्हे, कुणीतरी आणून लावलेलं. अर्धा मैल ही भिंत सोबत करते, मग दगडी खांबांचं भलंमोठं फाटक येतं, आणि फाटकाच्या आत बघावं तर घरच नसतं. गवत, गाई, नाहीतर सरकारी जंगलखात्याची सरळ रांगेतली स्प्रूसची लागवड. घर गेलं, भिंत राहिली.

आम्ही भाड्याने राहतो त्या वसाहतीच्या नावात ‘डिमेन’ हा शब्द आहे. पहिले सहा महिने मी तो स्पेलिंगप्रमाणे ‘डिमेस्ने’ असा म्हणत होते; शेवटी एका टॅक्सीवाल्याला माझी दया आली. जमीनदार आपल्या मालकीतली जी जमीन कुळांना न देता घराभोवती स्वतःसाठी राखून ठेवी ती डिमेन: बाग, रान, तळं, हरणं, घोड्यांची कुरणं. भिंत असायची ती याच भागाला. बाकीची हजारो एकर जमीन भिंतीबाहेर, कुळांकडे. दोन्ही मिळून इस्टेट. आज या देशात ‘इस्टेट’ म्हटलं की एकसारखी दिसणारी चाळीस घरं आणि मधे मुलांना खेळायला गवताचा तुकडा, एवढंच डोळ्यासमोर येतं. लँडलॉर्ड हा शब्द मात्र अजून कामावर आहे. आमचे लँडलॉर्ड महिन्याच्या एक तारखेला भाडं जमा झालं नाही तर दोन तारखेला सकाळी सात वाजता मेसेज करतात.

एका पावसाळी रविवारी (इथे ‘पावसाळी’ म्हणायची गरज नाही, नुसतं रविवार म्हटलं तरी पुरे) मी आमच्या वसाहतीखालच्या जमिनीचा सातबारा शोधायला बसले. म्हणजे तसा सातबारा इथे नाही. पण त्याच्या जवळ जाणारं एक दफ्तर आहे, रिचर्ड ग्रिफिथ नावाच्या माणसाने १८४७ ते १८६४ या काळात अख्ख्या देशाची घराघराची, शेताशेताची आकारणी केली ते. इंटरनेटवर फुकट बघायला मिळतं. डावीकडे कसणाऱ्याचं नाव, मग ज्याच्याकडून जमीन घेतली त्याचं, मग वर्णन, मग क्षेत्रफळ एकर आणि त्याहून लहान रूड, पर्च या मापांत, शेवटी वर्षाची आकारणी पौंड-शिलिंगमध्ये. वर्णनाच्या रकान्यात पुन्हापुन्हा ‘हाउस, ऑफिसेस अँड लँड’ असं येतं. मला वाटलं, वा, एवढ्याएवढ्या शेतकऱ्यांची ऑफिसं! ऑफिस म्हणजे गोठा. आणि खुराडं, आणि बटाटे ठेवायची खोली.

त्या पानावरचे पहिले दोन रकाने मी बराच वेळ बघत बसले होते. पहिल्यात माणसं बदलत जातात, मायकेल, पॅट्रिक, अमुक यांची विधवा ब्रिजेट. दुसऱ्यात एकदा एक नाव, आणि त्याखाली ‘सेम’. सेम, सेम, सेम, पानभर. फक्त एका ओळीत, जिथे क्षेत्रफळ अचानक शेकड्यांत जातं, तिथे दुसऱ्या रकान्यात ‘इन फी’ असतं. म्हणजे हा कुणाकडूनही घेत नाही, हाच मालक. ती ओळ म्हणजे डिमेन.

मग नकाशे. ब्रिटिश सैन्याच्या सर्वेक्षण खात्याने १८२४ साली आयर्लंड मोजायला घेतलं आणि १८४० च्या दशकात संपवलं, एका मैलाला सहा इंच या मापाने. एवढ्या बारकाईने तोवर जगातला कुठलाच अख्खा देश मोजला नव्हता. हेतू साधा होता, कर नीट बसवायचा. गावापेक्षाही लहान असा जमिनीचा जो घटक इथे ‘टाउनलँड’ म्हणून ओळखला जातो, ते सगळे साठ हजारांच्या वर टाउनलँड त्यांत आले. या नकाशांवर डिमेन ओळखायला नावं वाचावी लागत नाहीत. तेवढा भाग ठिपक्यांनी करडा केलेला असतो, त्यात एकेक झाड काढलेलं. बाकीचा देश पांढरा.

पांढऱ्या भागात मात्र मला हवं ते सापडलं. पहिल्या नकाशात आमच्या जवळच्या एका टाउनलँडमध्ये आठ-दहा काळ्या चौकोनांचा पुंजका आहे, एकमेकांना खेटून, रस्त्याची पर्वा न करता. आमच्या वाडीचा नकाशा काढला तर असाच येईल. याला इथे ‘क्लॅहन’ म्हणत. अशा वाडीची जमीन बहुतेक वेळा सामायिक असे. प्रत्येक कुटुंबाला थोडी बरी, थोडी दगडाळ, थोडी पाणथळ अशी तुकड्यातुकड्यांनी मिळे, अधूनमधून फेरवाटप होई, आणि डोंगरावरचं चराऊ रान सगळ्यांचं. या पद्धतीचं नाव रनडेल. साठेक वर्षांनंतरच्या मोठ्या मापाच्या नकाशात तोच टाउनलँड उघडला. पुंजका नाही. रस्त्यापासून मागे टेकडीपर्यंत पट्टीने आखल्यासारखे सरळ लांब तुकडे, आणि प्रत्येकाच्या तोंडाशी एक सुटं घर. मधल्या काळात दुष्काळ पडून गेला होता, आणि त्यानंतर जमीनदाराच्या कारभाऱ्याला देश नीटनेटका करायची संधी मिळाली होती.

ही जमीनदार मंडळी आली कुठून, याचं शाळेतलं उत्तर इंग्लंडचा सेनानी क्रॉमवेल. ते पुरं नाही, पण चुकीचंही नाही. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून बंड झालं की जमीन जप्त आणि त्यावर इंग्लंड-स्कॉटलंडमधली माणसं, असं चाललंच होतं. सतराव्या शतकाच्या मध्यावर क्रॉमवेलच्या सैनिकांचे पगार आणि युद्धाला कर्ज देणाऱ्यांची देणी थेट जमिनीने फेडली गेली. वाटायची तर आधी मोजायला हवी, म्हणून विल्यम पेटी नावाच्या डॉक्टरने १६५६ पासून दोनेक वर्षांत जप्त जमिनींची मोजणी केली. कॅथलिकांच्या हातात १६४१ साली सुमारे ५९ टक्के जमीन होती, १७०३ मध्ये ती १४ टक्क्यांवर आली. मोजणीदार पेटीलाही केरी काउंटीत प्रचंड जमीन मिळाली. आपल्याकडे मोजणीदाराला चहा आणि वर काहीतरी देतात, इथे डोंगरच दिले. याच पेटीच्या वंशातले लॉर्ड लॅन्सडाउन १८८८ ते १८९४ हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते.

१८७० च्या सुमाराला आयर्लंडची अर्धी जमीन साधारण ७५० घराण्यांकडे होती. शंभरातले सत्त्याण्णव शेतकरी कुळं.

आकडे ऐकून मला फारसं काही होत नाही, हा माझा दोष असेल. मला झालं ते कूलला.

गोर्ट हे आमच्यापासून वीस मिनिटांवरचं बाजाराचं गाव. तिथल्या चौकात ब्राझीलच्या लोकांची दुकानं आहेत, आणि कच्ची केळी, साबुदाण्याच्या जातीचं पीठ अशा वस्तूंसाठी मी त्यांच्यावर अवलंबून असते. गावाबाहेर कूल पार्क. लेडी ग्रेगरी या लेखिकेचं घर तिथे होतं, कवी यीट्स तिथे उन्हाळे काढायचा, तळ्यावर हंस. शाळांच्या सहली जातात. आता तिथे संरक्षित निसर्गक्षेत्र आहे. घराचा चौथरा, तबेल्याचं आवार, भिंतीने वेढलेली बाग, आणि त्या बागेत लोखंडी कुंपण घातलेलं एक तांबड्या पानांचं बीचचं झाड. पाहुण्या लेखकांनी त्याच्या बुंध्यावर आद्याक्षरं कोरलेली आहेत. यीट्स, शॉ, सिंग, ओकेसी. आपल्याकडे किल्ल्यावर नावं कोरणाऱ्याला शिव्या घालतात. इथे ती बघायला लोक लांबून येतात. अक्षरं आता झाडाच्या वाढीबरोबर फुगून मोठी झाली आहेत, काही तर वाचताही येत नाहीत.

लेखकांसाठी गेले होते, तर माहितीफलकावर पहिलंच वाक्य ईस्ट इंडिया कंपनीचं निघालं. रॉबर्ट ग्रेगरी नावाच्या माणसाने बंगालमधल्या व्यापारात पैसा केला, परत आला आणि १७६८ साली ही इस्टेट विकत घेतली. पुढे तो कंपनीचा संचालक, आणि १७८२ मध्ये अध्यक्षही झाला. म्हणजे ज्या वर्षी महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला त्याच वर्षी. मी त्या फलकासमोर जरा जास्तच वेळ उभी राहिले असावे, कारण मागच्या बाईंनी ‘एक्स्क्यूज मी’ म्हटलं.

१७७६ साली आर्थर यंग हा शेतीतज्ज्ञ प्रवासी आयर्लंडभर फिरला, तेव्हा तो कूललाही आला होता. त्याने लिहून ठेवलं आहे की ग्रेगरीने पाच-सहाशे एकर जमीन आपल्या ताब्यात घेऊन सुधारणा चालवली आहे, झाडांची मोठी रोपवाटिका केली आहे, आणि त्याचं पहिलं काम म्हणजे भिंती. कित्येक मैल. त्यातल्या कोरड्या, म्हणजे चुना न वापरता रचलेल्या भिंती सहा फूट उंच, तळाशी साडेतीन फूट जाड, माथ्याला वीस इंच. खर्च पर्चमागे (इथे हे लांबीचं माप) अडीच शिलिंग.

कोरड्या भिंती! म्हणजे गडगेच. सहा फुटी.

त्या दुपारी मी रानातल्या पायवाटेने त्या भिंतीपर्यंत गेले. शेवाळाने हिरवी, माथ्यावर फर्न, काही ठिकाणी झाडाच्या मुळाने पोट फुगवलेली, पण उभी. हात लावून पाहिला. दगडांचे सांधे एकाखाली एक येऊ दिलेले नाहीत, चिपा आत दाबून बसवलेल्या. ज्याने बसवल्या तो जवळपासचाच कुणीतरी माणूस असणार, त्याच्या घरचा गडगा कमरेएवढा. त्याला रोज किती पेन्स मिळाले असतील माहीत नाही, पण ते पेन्स हुगळीच्या काठावरून आले होते हे नक्की. बंगालात मोठा दुष्काळ पडला १७७० मध्ये. कूलची खरेदी त्याआधी दोन वर्षांची, तेव्हा या पैशाचा त्या दुष्काळाशी थेट संबंध जोडण्याचा मोह मी आवरते. तो काळ, तो मुलूख आणि ती कंपनी एकच होती, एवढं म्हणते.

ग्रेगरी घराण्याचं नाव आयर्लंडच्या इतिहासात मात्र वेगळ्याच गोष्टीसाठी आहे. रॉबर्टचा पणतू विल्यम ग्रेगरी १८४७ मध्ये तिशीचा खासदार होता. बटाट्यावर रोग पडून तिसरं वर्ष चालू होतं. गरिबांना मदत देण्याच्या कायद्याची चर्चा चालली असताना त्याने एक दुरुस्ती सुचवली: ज्याच्याकडे पाव एकराहून जास्त जमीन आहे त्याला सरकारी मदत मिळणार नाही. विरोधात बोटांवर मोजण्याइतकी मतं पडली. कायदा झाला.

पाव एकर म्हणजे दहा गुंठे.

मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. दहा गुंठे म्हणजे घर, परसू आणि एक वाफा. अकराव्या गुंठ्यापासून पुढची जमीन सोडून दिलीस तर लापशी, नाही सोडलीस तर उपास. आणि जमीन सोडायची म्हणजे बहुतेक वेळा घरही सोडायचं, कारण जमीन परत घेताना कारभारी छप्पर उतरवूनच घेई, नाहीतर माणसं पुन्हा येऊन राहतात. त्यात चार पौंडांहून कमी आकारणीच्या जमिनीवरचा गरीबनिधीचा कर कुळाने नव्हे तर जमीनदाराने भरायचा असा आधीचाच नियम होता. म्हणजे जितकी बारकी कुळं, तितका मालकाला भुर्दंड. दोन्ही नियम एकमेकांना लागून ठेवले की काय होणार हे पहिलीतलं पोर सांगेल. १८४९ ते १८५४ या वर्षांत पोलिसांच्या नोंदीप्रमाणे जवळपास ४९ हजार कुटुंबं कायमची बाहेर काढली गेली. देशाची लोकसंख्या १८४१ मध्ये ८२ लाखांच्या आसपास होती, १८५१ मध्ये ६५ लाख.

नकाशातला पुंजका गेला तो असा.

आणि तरी विल्यम ग्रेगरी खलनायक म्हणून उभा करता येत नाही, याचाच मला जास्त त्रास झाला. त्याचे वडील त्याच १८४७ साली कुळांमध्ये मदतीचं काम करताना तापाने गेले. स्वतःच्या इस्टेटीवर तो बरा मालक म्हणून ओळखला जाई. घोड्यांच्या शर्यतींत त्याने एवढी कर्जं केली की १८५७ मध्ये दोन तृतीयांश जमीन विकावी लागली. पुढे सिलोनचा गव्हर्नर झाला, आणि साठी गाठल्यावर शेजारच्या रॉक्सबरो इस्टेटीतल्या ऑगस्टा पर्सशी लग्न केलं. तीच लेडी ग्रेगरी. कुळांच्या घरी जाऊन तिने गोष्टी गोळा केल्या, त्यांची भाषा शिकली, डब्लिनला राष्ट्रीय रंगभूमी उभी केली. ते सगळं चांगलंच. पण त्या बीचच्या झाडाखाली उभं राहिलं की डोक्यात दहा गुंठे येतातच, आणि माहितीफलकावर त्या दुरुस्तीला जेवढी जागा दिली आहे तेवढी आद्याक्षरांतल्या एका अक्षरालाही पुरणार नाही.

घर १९२७ मध्ये सरकारने घेतलं, लेडी ग्रेगरी भाडं देऊन स्वतःच्याच घरात मरेपर्यंत राहिली. १९३२ मध्ये ती गेली. १९४१ मध्ये घर दगडांच्या किमतीला पाडलं.

गोर्टच्या दुसऱ्या अंगाला लॉख कुत्रा नावाचं तळं आहे, त्याच्या काठावर किल्लेवजा घर. ते बांधलं व्हेरेकर घराण्याने, गोर्ट गावचे मालक. दुष्काळात ते कर्जात बुडाले आणि १८४९ साली खास अशाच बुडालेल्या इस्टेटी विकण्यासाठी जे न्यायालय काढलं होतं त्यात त्यांची मालमत्ता गेली. १८५४ मध्ये हे घर विकत घेतलं जनरल ह्यू गफने. शीख युद्धांतला सेनापती म्हणून त्याचं नाव बऱ्याच जणांना माहीत असतं. त्याआधी २९ डिसेंबर १८४३ ला महाराजपूरला त्याने शिंद्यांच्या ग्वाल्हेरच्या फौजेचा पराभव केला होता. एका लहानशा आयरिश बाजारगावाच्या दोन्ही बाजूंच्या इस्टेटींमध्ये आपला हिशेब असा गुंतलेला. नवरा म्हणाला, चल, भाडं मागू.

कारभारी हा शब्द मघाशी दोनदा वापरला, त्याच्याबद्दल थोडं. जमीनदार बऱ्याचदा इथे राहतच नसे. पूर्व गॉल्वेत क्लॅनरिकार्डची पन्नास हजारांहून जास्त एकरांची इस्टेट होती. १८७४ मध्ये वारसा मिळालेला दुसरा मार्क्वेस लंडनमध्ये राहून चित्रं आणि दुर्मिळ वस्तू जमवायचा. कुळांनी त्याला पाहिलेलंच नव्हतं, पाहिला तो कारभारी. १८८२ मध्ये लॉखरेजवळ त्याच्या कारभाऱ्याला गोळ्या घालून मारलं, मालकावर त्याचा काहीही परिणाम झाला नाही.

गोळीहून जास्त परिणाम दुसऱ्या गोष्टीने झाला. १९ सप्टेंबर १८८० ला एनिसमध्ये, आमच्यापासून अर्ध्या-पाऊण तासावर, पार्नेल या आयरिश पुढाऱ्याने सभेत सांगितलं की हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याला गावाने एकटं पाडा, रस्त्यात, दुकानात, देवळातसुद्धा. म्हणजे आपल्या भाषेत, वाळीत टाका. मेयो काउंटीत लॉख मास्कच्या काठी लॉर्ड अर्नचा एक कारभारी होता, निवृत्त कॅप्टन, त्याच्यावर हा प्रयोग झाला. नोकर गेले, धोबीण गेली, दुकानदार माल देईना. पीक शेतात उभं. शेवटी उत्तरेकडून पन्नास मजूर आणले आणि त्यांच्या रक्षणाला हजारभर शिपाई. पाचशे पौंडांचं पीक काढायला सुमारे दहा हजार पौंड खर्च झाला. कॅप्टनचं आडनाव बॉयकॉट.

पंचवीस वर्षांनी, वंगभंगाच्या वेळी, हे आडनाव पुण्यात पोचलं होतं. बहिष्कार हा आपला शब्द त्यासाठी वापरात आला, आणि १९०५ च्या दसऱ्याला सावरकरांनी परदेशी कापडाची होळी केली. शब्द उलटा फिरून आला, एवढंच मला गमतीचं वाटतं. वाळीत टाकणं आपल्याला काही नवीन नव्हतं. फक्त आपल्याकडे बहुतेक वेळा गावच दुबळ्याला वाळीत टाकत आलं होतं, वरच्याला क्वचितच कुणी टाकलं होतं.

त्यानंतरचा कायद्यांचा प्रवास मी पटकन उरकते, कारण तो वाचताना मलाही डुलकी आली होती. १८८१ मध्ये न्याय्य खंड ठरवायला लँड कमिशन आलं. पुढे सरकार कुळांना जमीन विकत घ्यायला कर्ज देऊ लागलं. १९०३ च्या विंडहॅम कायद्याने जमीनदाराला किमतीवर बारा टक्के बक्षिसी, आणि कुळाने साडेअडुसष्ट वर्षं हप्ते फेडायचे अशी सोय केली. मालक विकायला तयार झाले ते बारा टक्क्यांनी. जिथे अजून राग उरला होता तिथे १९१९ ते १९२३ च्या लढायांत पावणेतीनशेच्या आसपास मोठी घरं जळली. १९२९ पर्यंत शंभरातले सत्त्याण्णव शेतकरी मालक झाले होते. मघाचाच आकडा, रकाना बदललेला.

आमचे पणजोबा खोताचं कूळ. अर्धेल द्यायची, वर वेठ. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, मग कूळकायदा सुधारला, १ एप्रिल १९५७ हा ‘कसेल त्याची जमीन’चा दिवस म्हणून आजोबांना शेवटपर्यंत पाठ होता. पण आमच्या खोतांचं घर वाडीतच होतं, बेडं उघडून जाता यायचं. त्यांना सहा फुटी भिंत घालावीशी वाटली नाही. त्यांच्यासाठी जात पुरत होती. हे मला कूलहून परतताना गाडीत सुचलं आणि मी ते नवऱ्याला सांगितलं नाही.

गेल्या हिवाळ्यातल्या वादळात आमच्या वसाहतीमागचं एक जुनं बीच कोसळलं आणि मागच्या शेताचा गडगा चार-पाच हात ढासळला. शेताचे मालक ऐंशीच्या घरातले गृहस्थ आहेत. पंधरवड्याने, ऊन पडलेलं बघून ते एकटेच दगड लावायला आले. मी चहा घेऊन गेले. साखर किती विचारल्यावर तीन म्हणाले, तेव्हाच आमचं जमलं.

दगड निवडताना ते बोलत होते. त्यांचे वडील वर्षातून दोनदा लँड कमिशनचा हप्ता भरायला जात, कोट घालून. शेवटचा हप्ता भरला तेव्हा हे स्वतः तिशीचे होते, १९७० च्या दशकातली गोष्ट. आजोबांनी सही केलेली जमीन नातवाच्या डोळ्यांदेखत सुटली. कमिशन स्वतः १९९९ मध्ये बंद झालं.

“त्या दिवशी काही केलं का तुम्ही?” मी विचारलं. पेढे, असं माझ्या मनात होतं.

“वडील घरी आले, कोट काढून ठेवला, आणि दूध काढायला गेले.”

मग त्यांनी पलीकडे बोट दाखवून सांगितलं की गाई आज तिकडे नाहीत, लॉनवर सोडल्या आहेत. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. लॉन म्हणजे मोठ्या घरासमोरचं गवत ना, हातांनी कापून सारखं केलेलं, ज्यावर कुळांना पाय ठेवायची परवानगी नसे? हो, तेच. घर त्यांच्या जन्माच्या आधीच गेलं, जमीन कमिशनने वाटली, तो तुकडा यांच्या वाट्याला आला. त्यांच्या घरात सगळे त्याला अजून ‘द लॉन’च म्हणतात. आज लॉनला शेणखत टाकायचंय. लॉनमध्ये पाणी साचलंय. ते हे इतक्या सहज बोलत होते की त्यात काही विनोद आहे हे त्यांच्या लक्षातही नव्हतं, आणि मीही हसले नाही.

एका मोठ्या दगडाखाली पोकळी राहिलेली मला दिसली. खाली वाकून मी एक चपटी चीप शोधली आणि आत सारली, आजोबा शिकवायचे तशी, अंगठ्याने दाबून. ते थांबले. दगडावर तळहात ठेवून त्यांनी तो पुढेमागे हलवून पाहिला, मान हलवली, माझी चीप अलगद काढली, आणि माझ्या हातात परत दिली.